श्रीपती मुकादमाचं खातं

वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, कांदा-बटाटा मार्केटमध्ये, एका गाळ्यावर मी हिशेब लिहिते. मार्केटात हिशेब लिहिणाऱ्याला मेहता म्हणतात. बाई मेहता फार नाहीत. त्यामुळे नवीन ड्रायव्हर गाळ्यावर आला की आधी माझ्या डोक्यावरून मागे बघतो, शेठ कुठे आहेत म्हणून विचारतो, आणि शेवटी भाड्याच्या पावतीसाठी माझ्याच टेबलाशी येऊन उभा राहतो. घर ठाणे पूर्वेला, कोपरीत. गंमत म्हणजे मार्केटला लागूनही एक कोपरी गाव आहे. कोपरीतून निघायचं, ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडी पकडायची, तुर्भ्याला उतरायचं आणि पुन्हा कोपरीच्या अंगाला जायचं. नवऱ्याच्या मते मी रोज पास काढून घरातल्या घरात फिरते.

रात्री मी कथा लिहिते. काही दिवाळी अंकांत छापून येतात, काही साभार परत येतात. गेल्या वर्षी एका अंकात माझी एका मुकादमावरची कथा आली. ती वाचून लिहिणाऱ्या दोघी-तिघींनी विचारलं, तुझी माणसं एका बाजूची नसतात, हे कसं जमवतेस? फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण खरं उत्तर वहीत आहे आणि वही फोनवर दाखवता येत नाही. म्हणून हे सविस्तर.

वही म्हणजे लाल कापडी बांधणीची लांबडी वही. आमचा सगळा हिशेब आता कॉम्प्युटरवर, टॅलीत असतो, पण जुन्या बाजारातली ही वही अजून मिळते आणि दिवाळीत पूजेला लागतेच. मी हिशेब शिकले तो हातानं लिहून. कीर्द आणि खतावणी. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे, एकाखाली एक उतरवायचे. खतावणीत प्रत्येक माणसाचं वेगळं पान, त्याचं देणं एका बाजूला आणि येणं दुसऱ्या. माझं कथालेखनही याच दोन वह्यांवर चालतं. तिसरी पद्धत मला येत नाही.

आधी कीर्द. रोज रात्री भांडी-ओटा झाला की पाच-सात ओळी. त्यात काय लिहायचं याचा नियम एकच: आज कोणी तरी स्वतःच्या फायद्याविरुद्ध, सवयीविरुद्ध किंवा स्वतःच्याच बोलण्याविरुद्ध काय केलं, ते. सूर्यास्त, पाऊस, मनातली खळबळ यांतलं काही नाही. कोण, काय, कोणासमोर, आणि पैशाचा संबंध असेल तर किती. उदाहरणं देते, माणसं ओळखू येणार नाहीत इतपत बदलून. चहाच्या कपावरून पोऱ्याशी भांडणारा एक व्यापारी हमालाच्या पोराच्या वह्यांचे पैसे गुपचूप देतो, आणि कोणाला कळलं तर चिडतो. ऑफिसातली एक जण सासूचं नाव निघालं की तोंड वाकडं करते. त्याच सासूला कवळी बसवायची तर साध्या डॉक्टरकडे नको म्हणून नौपाड्यातला महागडा डॉक्टर तिनेच शोधला. तराजूवर अर्धा किलो सोडायला तयार नसलेला एक तोलणार मार्केटातल्या भटक्या कुत्र्यांसाठी रोज बिस्किटांचे पुडे घेतो. पण वारलेल्या भावाच्या मुलांकडे तो जात नाही.

या नोंदींची मी लगेच कथा करत नाही. त्या नुसत्या पडून राहतात. बऱ्याच कधीच वापरल्या जात नाहीत. पण रोज असं एक काही तरी शोधायचं ठरवल्यावर दिवसभर डोळे तिकडे लागतात, आणि मला वाटतं लेखनाच्या सवयीचा खरा उपयोग एवढाच आहे. किती शब्द झाले हे मी मोजत नाही. मोजणारे मोठे मोठे होऊन गेले. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करायचा, रस्त्यावरच्या टपालपेट्या ब्रिटनमध्ये आणण्यात त्याचा हात होता, आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द असा हिशेबानं लिहायचा. त्याला उठवून कॉफी देण्यासाठी नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. हे सगळं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, आणि इतका कारकुनी हिशेब ठेवणारा माणूस कसला कलावंत, असं वाटणारे वाचक निघाले. मला तो फार जवळचा वाटतो. फक्त पाच पौंडांची सोय आमच्याकडे नाही, आणि पहाटे साडेपाचला मी डबे भरत असते.

लिहिणाऱ्यांना एक सल्ला नेहमी दिला जातो: गाडीत, रिक्षाच्या रांगेत, हॉटेलात लोकांचं बोलणं ऐका. ऐकते मी. ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या, लेडीज डब्यात ठाणे ते तुर्भे एवढ्यात दोन घटस्फोट, एक बारसं आणि रबाळ्याच्या कंपनीतल्या एका साहेबाची पूर्ण कुंडली कानावर येते. संवाद लिहायला याचा फायदा होतो, नाही असं नाही. पण माणूस त्यातून मिळत नाही असं माझं मत आहे. डब्यातली बाई डब्यातल्या मैत्रिणींपुढे बोलत असते. ती एकाच जागी, एकाच तऱ्हेच्या लोकांपुढे मला दिसते. तीच बाई घणसोलीला उतरून कंपनीच्या गेटवर सुपरवायझरपुढे कशी उभी राहते, घरी मुलाच्या क्लासची फी भरताना दिराशी कोणत्या आवाजात बोलते, हे कळल्याशिवाय तिच्यावर एक परिच्छेद लिहिता येईल, कथा नाही.

म्हणून खतावणी. इथे जरा थांबते, कारण सगळा जीव यात आहे.

गेल्या वर्षीच्या कथेतला मुकादम म्हणजे श्रीपती. वय ५४. मूळ खटाव तालुक्यातला. माथाडी कामगार, आता अकरा जणांच्या टोळीचा मुकादम. राहायला कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरात, ज्यावर त्यानं पुढे एक मजला चढवला. एवढं ठरवायला अर्धा तास लागतो. एवढ्यावर थांबलं तर जो मुकादम तयार होतो तो आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे: कष्टाळू, रांगडा, मनानं चांगला, मिशी.

पानाच्या डोक्यावर मी आधी त्याला कोण कोण काय म्हणून हाक मारतं ते लिहिलं. शेठ: श्रीपतराव. टोळी: मुकादम, आणि रागात असली तर नुसतं 'मुकादमसाहेब'. गावाकडे आई: शिरपा. धाकटा भाऊ: दादा. मुलगी: अप्पा. बायको नाव घेत नाही, ती 'ऐकलं का' म्हणते, आणि चारचौघांत 'आमचे हे'. युनियनच्या कार्यालयातला तरुण कारकून त्याला 'शेलारकाका' म्हणतो आणि श्रीपतीला ते आवडत नाही. हे लिहून झालं की हा माणूस एकाच दिवसात किती वेळा उंच होतो आणि किती वेळा बुटका, ते दिसायला लागतं. शेठपुढे श्रीपतराव होताना त्याची पाठ सरळ होते. आईपुढे शिरपा होताना तो खरं बोलत नाही.

मग देणं. शेठचे सत्तर हजार, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी घेतलेले. कागद नाही, व्याज नाही, मुदत नाही. तीन वर्षं झाली, शेठनी एकदाही विषय काढलेला नाही, आणि हे न काढणंच श्रीपतीला व्याजापेक्षा महाग पडतंय. टोळीतल्या नामदेवचं देणं पैशांत नाही. ट्रकच्या फळीवरून श्रीपतीचा पाय घसरला तेव्हा गोणीचा भार नामदेवनं घेतला आणि त्याची कंबर कायमची गेली. आता नामदेव गोण्या शिवतो, सांडलेला कांदा गोळा करतो, पण वाटणी पूर्ण घेतो, कारण श्रीपतीनं ते टोळीत लावून धरलं. नामदेवच्या लेखी हिशेब फिटला आहे. श्रीपतीच्या लेखी नाही. तिसरं देणं धाकट्या भावाचं. श्रीपतीच्या वाट्याची जमीन तोच कसतो, आई त्याच्याकडे, आईच्या मोतीबिंदूचा खर्चही त्यानेच केला. त्या वर्षी श्रीपतीचे पैसे मुलीच्या प्रवेशात गेले होते.

येणं. गोणी ५० किलोंच्या वर असता कामा नये, या माथाडींच्या मागणीसाठी सभेत उभं राहून बोलणारा तो होता. कांदा-बटाटा मार्केटात या वजनावरून कामं थांबण्यापर्यंत वेळ आलेली आहे, वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा मार्केटशी संबंध आहे त्यांना माहीत असेल. तेव्हा टोळीच्या मनात त्याचं जे वजन आहे, ते येण्याच्या बाजूला. दुसरं येणं बायकोचं. टोळीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना ती डबे देते. दोन महिन्यांचे पैसे तुंबलेत, आणि तिनं श्रीपतीला बजावलंय की तुम्ही मागायचे नाहीत, माझं मी बघेन.

आता या पानाकडे बघा. स्वभावाबद्दल त्यावर एक शब्द नाही. प्रामाणिक, तापट, हळवा असं काही मी लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरज पडत नाही. फक्त एक अशी घटना शोधायची असते जिच्यात या पानावरची तीन-चार नावं एकाच वेळी, एकाच जागी हात पुढे करून उभी राहतील.

ती मला कामातच सापडली. शेतकरी गोणी जड का भरतो? हौस म्हणून नाही. बारदान, म्हणजे रिकामी गोणी, विकत घ्यायचं असतं, आणि बराचसा खर्च गोणीमागे पडतो. तेवढाच कांदा कमी गोण्यांत बसवला की चार पैसे वाचतात. जो वाचवतो तो बांधावर असतो, जो उचलतो तो मार्केटात. दोघांची गाठ पडत नाही. आणि श्रीपतीच्या बाबतीत बांधावर त्याचा भाऊ आहे.

म्हणून कथेत ट्रक येतो, गोण्या ५७-५८ किलोंच्या. टोळी हात मागे घेते. शेठ गाळ्यातूनच म्हणतात, "श्रीपतराव, बघा जरा." एवढंच. सत्तर हजारांचा उल्लेख नाही. श्रीपती ट्रकवर चढतो आणि गोण्यांवरचे मार्के बघताना चौदा गोण्यांवर भावाचा मार्का दिसतो.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला तीन वेगवेगळ्या गोष्टी करायला लावून पाहिल्या. नकार देणारा श्रीपती सभेतल्या भाषणाचा झाला. होकार देणारा सत्तर हजारांचा झाला. तिसरा भावाला फोन करून रडला, आणि तो मी त्याच रात्री खोडला. माझी माणसं फोनवर रडायला लागली की मला संशय येतो. चौथ्यांदा लिहिताना त्यानं टोळीला बाजूला व्हायला सांगितलं आणि त्या चौदा गोण्या, तेवढ्याच, एकट्यानं उतरवल्या. क्लीनरनं पाठीवर द्यायच्या, यानं फळीवरून खाली आणायच्या. बाकीचा ट्रक तसाच भरलेला. शेठचं काम झालं नाही. टोळीचा ठराव मोडला, तोही ज्यानं मांडला त्यानेच. भावाला यातलं काही कळलंच नाही. आणि चोपन्नाव्या वर्षी एवढ्या जड गोण्या एकट्यानं उतरवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडी मिजासही होती. ती मी आधी ठरवली नव्हती, लिहिताना आली, आणि ठेवली.

कथा इथेच संपवायचा मोह होता. पण आमच्या गाळ्यावरच्या एका जुन्या माथाडी काकांना मी गोष्ट तोंडी सांगितली. माझा हा नेम आहे, ज्यांच्या कामावर लिहिते त्यांना सांगते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "त्या चौदा गोण्यांची हमाली कुणाच्या नावावर लिहिली?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माथाडींचा कायदा १९६९ चा. त्या कायद्याखाली मंडळं आहेत, व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्क्यांची जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि कामगाराला पगार मंडळाकडून मिळतो. काम टोळीचं धरलं जातं. तेव्हा एकट्यानं उचललेल्या गोण्या टोळीच्या नावावर लिहायच्या की नाही, हा भावनेचा प्रश्न नाही, पावतीचा आहे. मी कथेत पुढचा प्रसंग लिहिला. श्रीपती म्हणतो, लिहा टोळीच्या नावावर. टोळी म्हणते, आम्ही उचलल्या नाहीत, आमच्या नावावर नको. सगळे गप्प. मग मागे सुतळी ओवत बसलेला नामदेव म्हणतो, "माझ्या नावावर लिहा. मी कुठं रोज उचलतो?"

हे वाक्य मला सुचलं असं म्हणणं खोटं होईल. ते पानावर होतं. नामदेवची कंबर, पूर्ण वाटणी, फिटलेला आणि न फिटलेला हिशेब, सगळं देण्याच्या रकान्यात मी आधीच लिहून ठेवलेलं होतं. त्या वाक्यात नामदेव श्रीपतीला वाचवतोय, टोळीला टोमणा मारतोय की स्वतःचं दुःख सांगतोय, हे मला विचारू नका. एका वाचकानं पत्रात लिहिलं की नामदेव लोभी आहे. असेलही.

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ मध्ये केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत पात्रांची सपाट आणि गोल अशी विभागणी केली, ती साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येतं. गोल पात्राची त्याची कसोटी अशी की ते आपल्याला चकित करू शकतं का, आणि तेही पटेल अशा रीतीनं. लोक यातला पहिला अर्धा भाग उचलतात. मग कथेच्या शेवटी सज्जन मास्तर एकदम चोर निघतो, भित्री सून एकदम कोयता उचलते. चकित झालो, पण पटलं कुठे? माझ्या भाषेत सांगायचं तर चकित करणारी रक्कम खात्यात आधीपासून असली पाहिजे. वाचकानं पान मागे उलटलं तर त्याला ती सापडली पाहिजे, फक्त पहिल्यांदा वाचताना त्याचं लक्ष दुसऱ्या रकान्यात हवं.

आणि हेही सांगते, सगळ्यांना खाती उघडायची नसतात. फॉर्स्टरनंही सपाट पात्रांना नावं ठेवलेली नाहीत, ती लागतातच. माझ्या कथेतला क्लीनर गोण्या पाठीवर देतो आणि मोबाइलवर गाणी ऐकतो. त्याचं बालपण मला माहीत नाही. शेठनासुद्धा मी मुद्दाम गाळ्याबाहेर आणलं नाही. शेठ जितके कमी बोलतील तितके सत्तर हजार मोठे होतात.

इंटरनेटवर पात्र घडवण्याच्या प्रश्नावल्या मिळतात. तुमच्या पात्राचा आवडता रंग कोणता, त्याला कशाची भीती वाटते, लहानपणची सर्वांत दुखरी आठवण कोणती. माझ्या ओळखीची एक मुलगी असे शंभर प्रश्न भरून मग कथा लिहायला बसते, आणि बसल्यावर तिला काही सुचत नाही, कारण सगळी हौस प्रश्नावलीतच फिटलेली असते. श्रीपतीला आवडता रंग विचारला तर तो म्हणेल, ताई, काम करू द्या. रंग निरुपयोगी आहे असं नाही. पण मुलीच्या ॲप्रनसाठी पांढरं कापड घ्यायला तो कोपरखैरण्याच्या दुकानात जातो, आणि दुकानदार दोन प्रतींची कापडं दाखवतो, तेव्हा तो कोणतं घेतो आणि बायकोला किंमत किती सांगतो, हे मला हवं असतं.

दुखऱ्या आठवणीचं तर विचारूच नका. मराठी कथेत हल्ली प्रत्येकाला एक जखम असते. बाप दारू प्यायचा म्हणून हा असा. आई सोडून गेली म्हणून ती तशी. एक कारण, एक माणूस. माझा नियम असा की महत्त्वाच्या कुठल्याही कृतीला किमान दोन कारणं हवीत आणि ती एकमेकांशी भांडणारी हवीत. चौदा गोण्या श्रीपतीनं भावासाठी उतरवल्या, आणि टोळीला आपली ताकद दाखवायलाही उतरवल्या. त्यातलं खरं कोणतं हे त्यालाही ठाऊक नाही. लेखिकेनंही फार चौकशी करू नये.

आणखी एक गोष्ट मी करते, तिला सवय म्हणा की कारकुनी. पात्राचं जन्मसाल ठरलं की त्याच्यापुढे या भागात जे घडलं त्याची सालं मांडते आणि वजाबाकी करते. सध्या जी बाई माझ्या वहीत आहे तिचं नाव हिराबाई, घणसोली गावठाणातली, आगरी कुटुंबातली. जन्म १९६६. म्हणजे १९७० मध्ये सिडको, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा आराखडा पडला, तेव्हा ती चार वर्षांची. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा ती अठराची. नवीन लग्न झालेलं. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली तेव्हा सव्वीस. ठाणे-वाशी गाडी २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा अडतीस, आणि घणसोली स्टेशन जिथे उभं राहिलं त्या बाजूला तिच्या माहेरचं शेत कुठवर होतं, हे तिला अजून दाखवता येतं.

ही वजाबाकी नुसती शोभेला नाही. अठराव्या वर्षी घरातले पुरुष जासईला गेले असताना नवी सून मागे काय करत होती? भात तर करतच होती. पण सासऱ्यानं तिला घराची किल्ली दिली होती की नाही? दिली असेल तर का, मोठी जाऊ घरात असताना? एका तारखेमुळे असे प्रश्न आपोआप येतात, आणि मग खात्यात जावेचं नाव पडतं, ज्या जावेचा मी विचारही केला नव्हता.

हिराबाईच्या बाबतीत एक अडचण आहे. प्रकल्पग्रस्त म्हटलं की वाचकाच्या मनात दोन तयार चित्रं असतात. एक लुबाडला गेलेला भूमिपुत्र, दुसरं गेलेल्या जमिनीपोटी परत मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून अंगावर सोनं घालणारं घर. दोन्ही चित्रं कोणाच्या ना कोणाच्या तोंडी असतात, आणि दोन्ही हिराबाईनं स्वतः ऐकलेली आहेत. म्हणून मी तिला ती वापरू देते. भाडेकरूंपुढे ती पहिली होते, भाडं वाढवताना. लग्नाच्या मांडवात दुसरी होते, अंगावरचं अर्धं सोनं सुनेचं असलं तरी. आपल्याबद्दल लोक काय समजतात हे तिला कळतं आणि ती त्याचा वापर करते, एवढं तिला दिलं की ती माझ्या हातातून सुटून चालायला लागते.

तिची बोली मी मनानं लिहीत नाही. मार्केटशेजारच्या कोपरीतल्या एक मावशी आमच्याकडून कांदा नेतात, त्यांना संवाद वाचून दाखवते. त्या निम्मे खोडायला लावतात. "असा कोन बोलतं?" हे त्यांचं नेहमीचं. त्यांच्या नाराजीपेक्षा मला त्यांचं गप्प बसणं घाबरवतं, कारण गप्प बसल्या म्हणजे वाक्य नाटकी झालंय.

वाचनाचंही थोडं सांगते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन जुने दिवाळी अंक चाळणं हा माझा एकमेव ऐषआराम. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये त्यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तिथपासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीकडे तोंड करून बसलं. एखादी कथा आवडली की दुसऱ्यांदा वाचताना मी तिच्यातल्या माणसांची खाती मांडते. कोण कोणाचं काय लागतं, कोणी कोणाला काय दिलं, काय परत आलं नाही. ज्या कथा पन्नास-साठ वर्षांनंतरही ताज्या आहेत त्यांत हा रकाना गच्च भरलेला निघतो. ज्या नुसत्या भाषेवर तरल्या होत्या त्यांत पान जवळजवळ कोरं. हे माझं मत, समीक्षकांनी रागावू नये.

आता आषाढी होऊन गेलीय. संपादकांचा फोन आलाय, श्रावण संपायच्या आत कथा हवी. हिराबाईचं पान भरलंय, पण घटना अजून पक्की नाही. गावठाणातल्या बायकांची भिशी आहे, या महिन्यात नंबर हिराबाईचा लागणार, रक्कम बरी आहे. सुनेला स्कूटर घ्यायचीय. जावेचं गुडघ्याचं ऑपरेशन अडलंय. आणि एका भाडेकरूनं, ज्याला ती गेली दोन वर्षं काढायचं म्हणतेय, अनामत परत मागितलीय. तिघंही एकाच संध्याकाळी तिच्या ओट्यावर आले तर काय होईल, हे काल लिहून पाहिलं. हिराबाई उठली, आत गेली आणि सगळ्यांना चहा करून आणला. पैसे अजून तिच्या कमरेलाच आहेत.